रिकाम्या घराची टेस्ट केस

आमच्या ऑफिसात तिला सगळे कुरापतबाई म्हणायचे, तेही तोंडावर. तिला त्याचा राग नव्हता, कारण तिचं कामच कुरापती काढायचं होतं. दुसऱ्यांनी घाम गाळून लिहिलेला प्रोग्रॅम हातात आला, की तो कुठे तोंडघशी पडेल ते शोधायचं. आमचे प्रोग्रॅम आकड्यांचे ठिपके करून त्या ठिपक्यांच्या ढिगात आकार शोधायचे. ढीग एकच आहे की दोन, मध्ये भोक आहे का, आत बंद पोकळी आहे का, असले प्रश्न. उत्तर आलं की लोकांना कळेल असं त्याचं चित्र मी करायची. म्हणून ती मला रंगारी म्हणायची. आम्ही रोज भांडायचो आणि रोज एकाच टेबलावर जेवायचो.

टेस्ट केस निवडणं हे लोकांना हलकं काम वाटतं. घ्या एक चेंडू, घ्या एक बांगडी, टाका प्रोग्रॅममध्ये, आलं उत्तर बरोबर, चला घरी. असल्या केसना ती खुशमस्कऱ्या म्हणायची. तिच्या केस वेगळ्या असायच्या. मिटायला सूतभर कमी पडलेली बांगडी. एकमेकींत अडकलेल्या दोन बांगड्या. एकाच जागी हजारदा टाकलेला एकच ठिपका. अगदी सारख्या अंतरावर मांडलेले ठिपके, जिथे कोण आधी आणि कोण नंतर हे ठरवताना प्रोग्रॅम गांगरतो. आणि एकही ठिपका नसलेली केस, जिच्यापुढे चांगले चांगले प्रोग्रॅम मान टाकतात. एकदा तर तिने मोरीच्या जाळीचा स्कॅन आणला होता, भोकं बोटाने मोजून.

हे प्रोग्रॅम लिहिणारा माणूस म्हणजे आमचा गणिती. हुशार होता, आणि ते विसरायची संधी तो कुणाला देत नसे. तिने त्याला एकदा विचारलं, बनियनला भोकं किती? तो म्हणाला, चार. ती म्हणाली, तीन. खालचं तोंड ताणून बनियन सपाट पसरलं की ती झाली बाहेरची कड, उरली मान आणि दोन हात. तो दिवसभर घुम्यासारखा बसून राहिला. संध्याकाळी त्याच्याच प्रोग्रॅमने तीन सांगितलं, तेव्हा मी इतकी हसले की साहेब केबिनमधून बाहेर आले.

तिचा एक नियम मात्र कडक होता. प्रोग्रॅम चालवायच्या आधी उत्तर तोंडाने सांगायचं, मोठ्याने, साक्षीदारासमोर. ती म्हणायची, चित्र एकदा समोर आलं की प्रत्येकाला वाटतं, हेच तर माझ्या मनात होतं. साक्षीदार कायम मी. "तुझीच चित्रं माणसाला फशी पाडतात, तेव्हा तूच ऐक," असं तिचं म्हणणं. मला ते सगळं पोरकट वाटायचं, पण मी ऐकायची.

त्या वर्षी आम्ही जे करत होतो ते एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी होतं. घरातल्या प्रत्येक खोलीत छताला एक डबी लावायची. तिच्यात कॅमेरा नाही, ती फक्त ऊब आणि आवाज मोजणार. दाराला एक सेन्सर, उघडं की बंद ते सांगणारा. दिवसभराचे आकडे ठिपके म्हणून मांडले की माणसाचा दिवस दिसतो. उठणं, स्वयंपाकघर, बाल्कनी, अंथरूण, आणि पुन्हा उठणं. दिवस जिथून निघाला तिथेच परत आला तर ठिपक्यांचा गोल बनतो. आम्ही त्याला लूप म्हणायचो. लूप आहे म्हणजे माणूस आहे, हिंडतंफिरतं आहे. लूप तुटला की मुलांना फोन जाणार.

गोल खरा की उगाच जुळून आलेला, हे ओळखायची युक्ती सोपी आहे. प्रत्येक ठिपका शाईसारखा हळूहळू पसरू द्यायचा. ठिपके एकमेकांना टेकले की लूप दिसतो, आणखी पसरले की मधलं भोक बुजतं. जो लगेच बुजतो तो कचरा, जो टिकतो तो खरा. आमच्या धंद्यात लूप जन्मला आणि लूप मेला असंच म्हणतात. जेवताना आम्ही हे बोलायचो तेव्हा शेजारच्या टेबलावरचे आमच्याकडे बघायचे.

पहिलं खरं घर तिने आपल्या आईवडिलांचं दिलं होतं. तिथे वडील खुर्चीत पेपर घेऊन बसलेले, आणि आई भिंगरीसारखी घरभर. त्या घराचा लूप मी काढलेल्या चित्रांत सगळ्यात देखणा आला. स्वयंपाकघर, बाल्कनी, मागची खोली, बाहेरचं दार, पुन्हा स्वयंपाकघर. रोज दुपारी जेवणं आटोपली की आईची तीच फेरी, आवराआवर करत. साहेबांनी ते चित्र फ्रेम करून भिंतीवर लावलं.

मग आई गेली. सकाळी बरी होती, आणि दुपारी शेजाऱ्यांचा फोन ऑफिसात आला. कुरापतबाई चौथ्या दिवशी कामावर हजर झाली, डोळे कोरडे, आवाज नेहमीसारखा. मला तिचा तेव्हा रागच आला होता. वडिलांना तिने आपल्याकडे आणलं. जुनं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं, ते कुलूप लावून बंद केलं. किल्ली तिच्या पर्समध्ये. डब्या तशाच राहिल्या, कारण त्या काढायला शिडी घेऊन कुणी जावं, हा विषयच कुणी काढला नाही.

प्रोग्रॅम बाजारात आणायच्या आधी शेवटची एक केस हवी होती, रिकामी. जिथे माणूस नाही तिथे प्रोग्रॅमने माणूस दाखवता कामा नये. गणितीने यंत्राकडून वाटेल ते आकडे काढून घेतले आणि म्हणाला, हे घ्या रिकामं घर. तिने नाक मुरडलं. "हे रिकामं नाही, हा नुसता गोंधळ आहे. खऱ्या रिकाम्या घरात ऊन येतं, नळ ठिबकतो, खालून ट्रक जातो. रिकामपण बनवता येत नाही, ते आणावं लागतं." आणि तिने आईच्या बंद घराचे आकडे आणले. आई गेल्यानंतरचे सगळे.

बटणावर बोट ठेवून ती माझ्याकडे वळली आणि मोठ्याने म्हणाली, "शून्य."

उत्तर आलं, एक.

लूप बारीक होता, पण टिकत होता. ठिपके पसरत गेले तरी तो बुजेना. गणितीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मॅडम, तुमच्या घरात काहीतरी आहे, माझ्या प्रोग्रॅममध्ये नाही," असं तो बोलून गेला आणि मग त्याचं त्यालाच कसंसं झालं. तिने कुरापती सुरू केल्या. ऊन असेल म्हणून ढगाळ दिवस तेवढे घेतले. लूप होता. नळ असेल म्हणून पाणी बंद असलेले दिवस घेतले. लूप होता. आवाजाचे आकडे काढून टाकले, नुसती ऊब ठेवली, तरी तो होताच, फिक्कट. रोज दुपारी जन्मायचा. आणि दाराचा सेन्सर पहिल्या दिवसापासून एकच सांगत होता, बंद.

मी गप्प बसायला हवं होतं. पण हात शिवशिवतात. मी आईच्या वेळचे दिवस निळ्या रंगात घेतले, बंद घराचे दिवस पिवळ्या रंगात घेतले, आणि एकावर एक ठेवले. पिवळा लूप निळ्याच्या आत बसला. स्वयंपाकघर, बाल्कनी, मागची खोली, बाहेरचं दार. तोच क्रम, तीच वेळ. फक्त फिरणारं जे काही होतं ते फार सावकाश फिरत होतं आणि प्रत्येक खोलीत जरा थांबत होतं.  मी स्क्रीन बंद करायला गेले, तर ती मागे उभी होती.

"राहू दे," ती म्हणाली.

"अगं, रंगांमुळे वाटतं तसं. तूच म्हणतेस ना."

"यावेळी रंगांमुळे नाही."

त्या दिवसापासून ते घर आमच्या टेबलावर येऊन बसलं. रोज दुपारी जेवून आलो की ती आकडे उघडायची आणि आम्ही बघत बसायचो. आधी स्वयंपाकघराच्या डबीत ऊब किंचित चढायची. मग उतरायची, आणि बाल्कनीकडच्या डबीत चढायची. आवाजाच्या रेघेवर बारीक बारीक टोकं उमटायची. भर उजेडात, पंखे चालू, शेजारी कुणी फोनवर हसतंय, आणि आमच्या समोर त्या बंद घरात काहीतरी या खोलीतून त्या खोलीत चाललेलं. मला एकदा वाटलं, ते थांबलं की आपल्यालाच बघतंय. मी खुर्ची मागे घेतली. तिने घेतली नाही.

साहेबांना यातलं काही नको होतं. त्यांना प्रोग्रॅम बाहेर काढायचा होता. ते म्हणाले, "एवढा बारीक लूप म्हणजे धूळ समजा. पट्टी थोडी वर घ्या. याच्याहून मोठा असेल तरच लूप म्हणायचं. केस पास होईल, आपण मोकळे."

"एवढाच बारीक लूप आजारी माणसाचा असतो, साहेब. भिंत धरून मोरीपर्यंत जाणाऱ्या म्हातारीचा. पट्टी वर घेतली तर ती जिवंत असतानाच तिच्या मुलांना फोन जायला लागतील. दोनदा खोटा फोन आला की तिसऱ्यांदा कोण उचलेल?"

"मग तुम्हीच सांगा, कुरापतबाई. तुमच्या घरात कोण आहे?"

 साहेबांनी आठवडाअखेरपर्यंत वेळ दिला. एकतर लूप खोटा आहे हे दाखवायचं, नाहीतर पट्टी वर जाणार.

सरळ उपाय एकच होता, घरात जाऊन बघणं. तो ती टाळत होती हे मला दिसत होतं. प्रोग्रॅमची ओळन् ओळ उसवणारी बाई, आणि दोन गल्ल्या चालायला तयार नाही. शेवटी मी तिला जिन्यात गाठलं आणि तिच्यावर ओरडलेच. ती पायरीवर बसली.

"आई असेल तर मी तिला काय सांगू?" ती म्हणाली. "त्या दिवशी सकाळी तिचा फोन आला होता. मी म्हटलं, मीटिंग आहे, नंतर करते. आणि समज, कोणीच नाहीये. मग ते रोजचं बघणंही गेलं. मला तो लूप बघायला बरं वाटतंय, कळतंय का तुला? भीती वाटते आणि बरंही वाटतं."

 मी म्हटलं, "मी येते बरोबर." एरवी माझं तोंड बंद होत नाही, पण त्या वेळी एवढंच निघालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेलो. जिन्यात उजेड होता, खालच्या मजल्यावर कुणाचा तरी मिक्सर चालू होता. तिने दाराचं लॅच उघडलं आणि आत जाऊन दार पुन्हा लावून घेतलं. बंद घराचा वास आला. खुर्चीवर चादर टाकलेली, भिंतीवरचं घड्याळ थांबलेलं, बाल्कनीतल्या कुंड्यांमधली झाडं वाळून काड्या झालेली. फरशीवर धूळ होती, आणि धुळीत वाट होती. दारापासून स्वयंपाकघरात, तिथून बाल्कनीकडे, तिथून मागच्या खोलीत. पुन्हा पुन्हा पाय पडून फरशी तेवढ्या पट्ट्यात स्वच्छ झाली होती. माझ्या चित्रातली रेघ कुणी जमिनीवर काढावी तशी ती दिसत होती.

"भुताला वजन नसतं म्हणतात," मी म्हटलं. थट्टा करायला गेले, पण आवाज चिरका आला.

ती खाली बघत उभी होती. मग काहीतरी सुचल्यासारखी वळली, दाराच्या चौकटीवरचा सेन्सर काढला आणि त्याचं झाकण उघडलं. आतला सेल फुगून पाझरला होता. तिने तो बोटाने चाचपला. मेलेला सेन्सर शेवटचा शब्द धरून बसतो, आणि याचा शेवटचा शब्द होता बंद. जाळीची भोकं बोटाने मोजणारी बाई, आणि हा सेल तिने तपासला नव्हता. स्वतःचं घर रिकामं आहे हे तिला ठाऊकच होतं ना.

"म्हणजे दार उघडत होतं," ती हळूच म्हणाली.

आणि तेवढ्यात बाहेरून किल्ली फिरली.

आम्ही मागच्या खोलीत सरकलो. का सरकलो ते विचारू नका, पाय आपोआप गेले. दार उघडल्याचा आवाज आला, लावल्याचा आला. चपला काढून ठेवल्या गेल्या. मग पावलं, सावकाश, घासत. स्वयंपाकघरात दिवा लागला, जरा वेळाने विझला. बाल्कनीचं दार किरकिरलं. कोणीतरी काही बोललं, अगदी हलक्या आवाजात, आणि उत्तराची वाट बघत थांबलं. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दोन दिवस वळ राहिला. पावलं आमच्याकडे यायला लागली.

दारात तिचे वडील उभे होते.

इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले केस, काखेत पेपर. दुपारी जेवून ते वाचनालयात जातात असं तिला माहीत होतं, शेजारच्यांना माहीत होतं, सगळ्या जगाला माहीत होतं. थोडंफार विसरायचे, पण ते वयाला धरून. त्यांची या घराची किल्ली कधीच हरवली असं सगळे समजून होते. ती त्यांच्या हातात होती.

त्यांनी मला पाहिलंच नाही. खिडकी कुरापतबाईच्या पाठीमागे होती आणि तिचा बांधा हुबेहूब आईचा. त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

"इथे आहेस होय!" ते म्हणाले. "रोज सगळं घर पालथं घालतोय मी. हाक मारली तर ओ देता येत नाही?"

मी तिच्याकडे पाहिलं. उत्तरात कणभर चूक खपवून न घेणारी बाई होती ती. 

"इथेच तर होते," ती म्हणाली. "कुठे जाणार मी? कामात होते, ऐकू नाही आलं."

"एवढं कसलं काम तुझं. बस जरा." ते समाधानाने बाहेर गेले, चादरीसकट खुर्चीत बसले आणि पेपर उघडला. आम्ही दोघी दाराशी उभ्या राहिलो. बऱ्याच वेळाने त्यांनी पेपरची घडी घातली, वर पाहिलं आणि अगदी नेहमीच्या आवाजात लेकीला म्हणाले, "तू कधी आलीस? ऑफिसातून लवकर सोडलं वाटतं." रस्त्यात ती त्यांचा हात धरून चालत होती तेव्हा ते तिच्या कानाशी वाकले. "तुझी आई घरीच आहे गं. मी उगाच जिवाला घोर लावून घेतला होता."

साहेबांना तिने जेवढं सांगायचं तेवढंच सांगितलं. लूप खरा आहे, घरात माणूस येत होतं, पट्टी जिथे आहे तिथेच राहील. साहेब मान खाली घालून हो म्हणाले. गणिती तीन दिवस सगळ्यांना सांगत फिरला की माझा प्रोग्रॅम पहिल्यापासून बरोबर होता. आणि तो होताच. रिकाम्या घराची केस मात्र अजून हवीच होती, म्हणून आम्ही त्याच घराचे पुढचे आकडे साठवत राहिलो.

तिने वडिलांना अडवलं नव्हतं. किल्लीही काढून घेतली नव्हती. सेन्सरला नवा सेल घातला, आणि दुपारी ते निघाले की मागोमाग जायचं असं शेजारणीला सांगून ठेवलं. पण ते निघालेच नाहीत. जेवून खिडकीत बसायचे, पेपर वाचायचे, मजेत असायचे. शेजारणीने विचारलं, आज वाचनालयात नाही? तर म्हणाले, कशाला, सगळं ठीक आहे घरी. त्यांना बायको सापडली होती. आता शोधायचं काय राहिलं होतं?

पुढच्या आठवड्यात आम्ही ते आकडे प्रोग्रॅममध्ये टाकले. ठिपके पसरले, एकमेकांना टेकले, आणि सगळा ढीग भरून गेला. मध्ये काहीच उरलं नाही. मी रंग द्यायला गेले, पण द्यायला काही नव्हतं. ती स्क्रीनकडे बघत राहिली.

"आता तिथे खरंच कोणी नाही," ती म्हणाली, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा रडली. तोंडावर हात न घेता, लहान मुलीसारखी, भर ऑफिसात. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. मलाही रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही.

साहेबांनी दारातून विचारलं, "झाली का पास?"

मी म्हटलं, हो, झाली.